कीमझे तलावातलं फ्राउएनइन्झेल बेट: आई-बाबांना घेऊन जायचंय, बघायला काय आहे आणि सोयी कशा आहेत?

नर्मदाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही म्युनिकला राहतो, पुढच्या महिन्यात आई-बाबा येतायत. बाबा ७४ वर्षांचे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाट रस्त्यावर तासभर आरामात चालतात पण चढ आला की थांबतात. आई धडधाकट आहे पण तिला दर दीड-दोन तासांनी टॉयलेट लागतं आणि ती अंडंसुद्धा खात नाही. मागच्या वेळी त्यांना एका प्रसिद्ध किल्ल्यावर नेलं होतं, तिथं चढ बघून बाबा खालीच एका बाकावर दोन तास बसून राहिले आणि "तुम्ही बघून या" म्हणाले, ते मला अजून टोचतंय. यावेळी त्यांना जमेल अशीच जागा हवी. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली की कीमझेमध्ये फ्राउएनइन्झेल म्हणून छोटं बेट आहे, गाड्या नाहीत, लोक राहतात, तिकडं ने. पण नेटवर सगळीकडं शेजारच्या मोठ्या बेटावरच्या राजवाड्याचेच फोटो. कुणी गेलंय का? खायचं काय, बसायला जागा, टॉयलेट, बोटीत चढायला-उतरायला त्रास, सगळं सांगा प्लीज.

पाणकोंबडा
ताई, बिनधास्त न्या. मी बव्हेरियात अकरा वर्षं आहे आणि या बेटावर किती वेळा गेलो ते मोजणं सोडून दिलंय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

आधी भूगोल. कीमझे हा साधारण ८० चौ. किमीचा तलाव, इकडं लोक त्याला 'बव्हेरियाचा समुद्र' म्हणतात. आत तीन बेटं. हेरेनइन्झेल सगळ्यात मोठं, २३८ हेक्टर, त्यावर दुसऱ्या लुडविग राजाचा महाल. दुसरं फ्राउएनइन्झेल, जेमतेम सहाशे मीटर लांब आणि तीनशे मीटर रुंद, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढं. तिसरं क्राउटइन्झेल, त्यावर कुणी राहत नाही, पूर्वी मठातल्या बायका तिथं भाजीपाला लावायच्या म्हणून हे नाव. तिन्ही मिळून एक स्वतंत्र ग्रामपंचायत आहे. हेरेन म्हणजे पुरुष आणि फ्राउएन म्हणजे बायका, कारण एका बेटावर पुरुषांचा मठ होता आणि दुसऱ्यावर बायकांचा. बायकांचा मठ अजून चालू आहे.

फ्राउएनइन्झेलवर दोनशे-तीनशे माणसं राहतात. कोळ्यांची जुनी घरं आहेत, पिढ्यानपिढ्या मासेमारी करणारी. कुंभाराचं एक घर आहे, तिथं १६०९ पासून मडकी घडतायत. मठ आहे, दोन-चार खानावळी आहेत, आणि बाकी बागा. प्रत्येक घरासमोर इतकी फुलं की आई दर दहा पावलांवर थांबतील, तो वेळ आधीच धरून ठेवा. गाड्या अजिबात नाहीत. सायकलीसुद्धा अलीकडच्या काठावरच लावून यायच्या. बेटाला फेरी मारायची पायवाट दीडेक किलोमीटरची, जवळपास सपाट. मधे लिंडेन झाडांजवळ थोडासा उंचवटा आहे पण तो चढ म्हणण्यासारखा नाही, बाबांना जमेल.

आता माझं ठाम मत. बहुतेक लोक सकाळी राजवाडा करतात, दुपारी दमून फ्राउएनइन्झेलवर उतरतात, आइस्क्रीम खातात, चाळीस मिनिटांत परत बोट. तुम्ही तसं करू नका. थेट फ्राउएनइन्झेलला जा आणि अख्खा दिवस तिथंच काढा. आणि काही झालं तरी पाचच्या आधी निघू नका. पाचनंतर दिवसभराची गर्दी बोटींनी निघून जाते आणि मग ते गाव गावासारखं दिसायला लागतं. कुणीतरी बागेत पाणी घालत असतं, कुणी जाळी गुंडाळत असतं, मुलं पाण्यात दगड मारत असतात. मला तरी तेच बघायला तिकडं जावंसं वाटतं.

केतकीचं_बन
पाणकोंबडा, तुमचं सगळं पटलं पण राजवाडा अगदीच टाळा म्हणणं मला जड जातं. इतक्या लांबून आलेल्या माणसांना तो दाखवायला नको का? लुडविगने १८७३ मध्ये ते अख्खं बेट लाकडाच्या व्यापाऱ्यांकडून विकत घेतलं, नाहीतर तिथलं जंगल तेव्हाच तोडलं गेलं असतं. १८७८ मध्ये व्हर्सायच्या धर्तीवर बांधकाम सुरू केलं आणि बिचारा स्वतः तिथं राहिला किती, तर १८८५ च्या सप्टेंबरमध्ये जेमतेम काही दिवस. पुढच्या वर्षी तो गेला, महाल अर्धवटच राहिला. आरशांच्या दालनातून बाहेर पडून तुम्ही एका जिन्याशी येता आणि तिथं नुसत्या उघड्या विटा! मी तिथं उभी राहून खूप वेळ बघत होते. २०२५ मध्ये त्याच्या महालांना जागतिक वारसा यादीत घेतलंय, त्यात हाही आहे.

आणि त्याच बेटावरच्या जुन्या मठात १९४८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीच्या राज्यघटनेचा पहिला मसुदा तयार करायला माणसं बसली होती. माझे सासरे वकील, त्यांना महालापेक्षा ती खोली जास्त आवडली.

पाणकोंबडा
केतकीताई, तुमचं म्हणणं चूक नाही. पण गुडघ्याचं गणित बघा. धक्क्यापासून महाल वीसेक मिनिटं चालत, घोडागाडी मिळते पण तिलाही रांग असते. आत गाइडबरोबरच जावं लागतं, तिकिटावर वेळ छापलेली असते, ती चुकली तर चुकली. अर्धा-पाऊण तास उभं राहायचं आणि मधे बसायला मिळत नाही. जायचंच असेल तर वेगळ्या दिवशी जा आणि तिकीट काढतानाच गुडघ्याचं सांगा. दोन्ही बेटं एका दिवसात केली तर काका महालात दमतील आणि फ्राउएनइन्झेलवर पुन्हा बाकावर बसून "तुम्ही बघून या" म्हणतील. ताईंना नेमकं तेच नकोय ना.

नर्मदाकाठ
अगदी हेच. ठरलं, एकच बेट. आता पोचायचं कसं आणि खायचं काय ते सांगा, माझी खरी काळजी तीच आहे.

फिरस्ता४२
म्युनिकहून साल्झबुर्गच्या लाइनवर प्रीनला उतरायचं, रिजनल ट्रेनने तासाभराच्या आत-बाहेर. चौघं असाल तर बायर्न-टिकेट घ्या, म्हणजे बव्हेरियाभर चालणारं दिवसाचं तिकीट, पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर फिरता येतं, फक्त सोम ते शुक्र ते सकाळी ९ नंतर चालतं हे विसरू नका. प्रीन स्टेशनच्या खालूनच धक्क्यापर्यंत एक छोटी रेल्वे जाते, कीमझे-बान, दोन किलोमीटरही नाही. महाल बघायला गर्दी लोटली म्हणून १८८७ मध्ये बांधली होती. ती उन्हाळ्यातच चालते, नाहीतर बस आहे, किंवा पंचवीस मिनिटं चालत. तुम्ही चालू नका.

धक्का प्रीन-श्टॉकला. तिथून बोट आधी हेरेनइन्झेलला थांबते, बहुतेक सगळे तिथं उतरतात, तुम्ही बसून राहा, पुढचा थांबा फ्राउएनइन्झेल. सगळं मिळून अर्धा तास. गाडी असेल तर मात्र प्रीनला न जाता ग्श्टाटला जा, तिथून बोट दहा मिनिटांत पोचवते. बेटावरच्या लोकांचीही रोजची ये-जा मुख्यतः ग्श्टाटकडूनच, शाळेत जाणारी मुलंसुद्धा बोटीनेच जातात. बोटी बारा महिने चालतात. ट्रेनचं तिकीट बोटीवर चालत नाही, कुठलंच, डॉइचलांड-टिकेट (देशभराचा महिन्याचा पास) सुद्धा नाही. आम्ही पहिल्यांदा तिथंच फसलो होतो.

आता आमच्यावर आलेला प्रसंग सांगतो. बेटावर दोन धक्के आहेत. आम्ही एका धक्क्यावर निवांत बसलो होतो आणि आमची प्रीनला जाणारी शेवटची बोट दुसऱ्या धक्क्यावरून सुटली. बरोबर सहा महिन्यांचं बाळ, बायकोचा चेहरा बघण्यासारखा झाला. एका आजींनी कुंपणावरूनच विचारलं काय झालं, आणि सांगितलं की घाबरू नका, ग्श्टाटची बोट अजून आहे. ती घेऊन पलीकडं गेलो, तिथून टॅक्सीने प्रीन. तेव्हा उतरल्या-उतरल्या वेळापत्रकाचा फोटो काढा आणि कुठल्या धक्क्यावरून परत निघायचं ते तिथंच विचारून घ्या.

चिंचबोर
मी शाकाहारी आहे, खायचं मी सांगते. बेटाची खासियत मासे. रेंके नावाचा तलावातला मासा, कोळी लोक घराच्या मागं धुरी देऊन भाजतात आणि पावात घालून विकतात, वास सगळ्या बेटावर असतो. काकूंना तो वास चालत नसेल तर वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसा, मी अगदी मनापासून सांगतेय, माझ्या आईला त्रास झाला होता.

त्यांच्यासाठी ब्रेत्सेल (गाठीच्या आकाराचा खारा पाव) आणि बटर कुठंही मिळेल. केझेश्पेत्सले चीजमधले असतात, पण त्या शेवयांच्या पिठातच अंडं असतं, म्हणजे ते बाद. कायझरश्मारन म्हणजे गोड पॅनकेकचे तुकडे, त्यातही अंडं. बटाट्याची सॅलड मागितली तर त्यात मांसाचं पाणी घालतात का ते विचारा, बव्हेरियात बऱ्याचदा घालतात. सूपचंही तेच. "ओनं फ्लाइश, ओनं आय" म्हणजे मांस नको, अंडं नको, एवढं पाठ करा. खरं सांगू का, घरून ठेपले आणि दहीभात न्या. पाण्याकाठी बाकं आहेत, झाडाखाली बसून खाल्लेलं कुणी अडवत नाही, फक्त कुणाच्या खासगी बागेत शिरू नका, तिथं कुंपणं इतकी बुटकी आहेत की बाग कुठं संपते आणि वाट कुठं सुरू होते ते पटकन कळत नाही.

मठाचं दुकान चुकवू नका. तिथं मठातलं मार्झिपान मिळतं, बदामाचं, आमच्याकडं सगळ्यांना आवडलं, पाकिटावर घटक वाचून घ्या म्हणजे काकूंचंही समाधान होईल. वनस्पतींची लिकरही असते, ती काकांसाठी.

टॉयलेट बेटावर आहे, मोठ्या बोटीतही असतं, पण सुटी नाणी खिशात ठेवा. बोटीत बसल्यावर लगेच जाऊन आलेलं बरं. मोठं सुपरमार्केट, मेडिकल असलं काही नाही, तेव्हा काकांच्या गोळ्या बरोबर घ्या आणि कॅश प्रीन स्टेशनजवळच काढा.

निळीशाई
सोयींचं झालं, पण बघायचं काय हे कुणीच नीट सांगितलं नाही. मी चित्रं काढते, वर्षातून दोनदा तरी तिकडं जाते. माझ्यासाठी हे बेट म्हणजे आधी चित्रकारांचं. १८२८ मध्ये माक्स हाउसहोफर नावाचा तरुण चित्रकार मित्रांबरोबर इथं आला, बेटावरच्या खानावळवाल्याच्या मुलीशी त्याने लग्न केलं, आणि मग म्युनिकहून चित्रकार येतच राहिले. लिंडेनच्या नावाची ती खानावळ अजून आहे. का आले असतील ते दक्षिणेच्या काठावर उभं राहिलं की कळतं. समोर पाणी, पाण्यापलीकडं एकदम आल्प्सची भिंत, त्यात काम्पेनवांडचा दातेरी कडा, १६६९ मीटर. सकाळी डोंगर निळे आणि पाणी दुधाळ, संध्याकाळी नेमकं उलटं. हा रंग मला कागदावर आजवर एकदाच जमलाय.

मग मठ. ७८२ मध्ये बव्हेरियाचा ड्यूक तासिलो तिसरा याने स्थापन केला. थोड्याच वर्षांत फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने तासिलोला गादीवरून काढलं, आणि पुढच्या शतकात याच मठाची प्रमुख झाली शार्लमेनचीच पणती, इर्मेनगार्ड. ८६६ मध्ये ती वारली. कॅथलिक चर्चने १९२८ मध्ये तिला 'धन्य' म्हणून जाहीर केलं, १६ जुलैला तिचा दिवस असतो. १८०३ मध्ये सरकारने बाकीच्या मठांबरोबर हाही बंद केला होता, नंतर पहिल्या लुडविग राजाने पुन्हा सुरू करू दिला तो शाळा चालवण्याच्या अटीवर.

बघताना मुद्दाम तीन गोष्टी बघा. घंटेचा मनोरा चर्चला चिकटलेला नाही, वेगळा उभा आहे, अष्टकोनी, वर कांद्यासारखा घुमट. लांबून बोटीतून पहिला तोच दिसतो. दुसरं टोरहाले, म्हणजे मठाचा जुना दरवाजा, नवव्या शतकातला, वरच्या मजल्यावर देवदूतांची भित्तिचित्रं आहेत. उन्हाळ्यात ते उघडं असतं पण जिना आहे, काकांना खालूनच दाखवा. तिसरं चर्चच्या आत इर्मेनगार्डची छोटी देवळी. तिच्याबद्दल मी काही सांगत नाही, काकूंना आत नेऊन उभं करा.

आणि ती दोन लिंडेन झाडं. एकाला तासिलोचं नाव, दुसऱ्याला मरियाचं. बेटाच्या सगळ्यात उंच भागावर शेजारी शेजारी. तासिलोचं झाड हजार वर्षांचं सांगतात, त्याचं खोड आतून पोकळ झालंय आणि तरी दर वर्षी पालवतं. जूनच्या शेवटी-जुलैत फुलतं तेव्हा खाली उभं राहिलं की वरून मधमाश्यांचा आवाज येतो, झाडच गुणगुणतंय असा.

तांबडं_फुटलं
एक सुरक्षेची गोष्ट. उन्हाळ्यात दुपारी कीमझेवर वादळ फार पटकन येतं. काठावर ठिकठिकाणी केशरी दिवे आहेत. मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर सावधगिरीचा इशारा, ९० वेळा लुकलुकले तर वादळ आलंच, पाण्यावर असाल तर ताबडतोब काठ गाठायचा. मोठ्या बोटीला त्याचा फारसा त्रास नाही, पण छोटी होडी भाड्याने घेऊन फिरायचा विचार असेल तर दिव्यांवर लक्ष असू द्या. तलाव ७३ मीटरपर्यंत खोल आहे, वरून दिसतो तसा गरीब नाही.

पाण्याचं म्हणाल तर स्वच्छ आहे, लहानपणापासून इथं राहिलेले शेजारी सांगतात की आधी असं नव्हतं. १९८९ मध्ये तलावाभोवती सांडपाण्याची मोठी लाइन फिरवली, गावांचं सांडपाणी तलावात जायचं थांबलं, तेव्हापासून फरक पडला. आपल्याकडच्या तलावांचं बघितलं की मला हे वारंवार आठवतं.

नर्मदाकाठ
सगळ्यांचे खूप आभार. जाऊन आलो की लिहिते.

नर्मदाकाठ
आलो जाऊन! मंगळवारी गेलो. लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या, पण डोक्यातून जातच नाहीये.

सुरुवात प्रीनलाच झाली. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. स्टेशनखाली ती हिरव्या डब्यांची छोटी गाडी उभी होती, बाबांनी गाडी नाही बघितली, आधी वाकून रूळ बघितले आणि म्हणाले, "मीटरगेज!" इतकं मोठ्यानं की दोन जर्मन माणसं वळली. मग डब्याच्या पायऱ्या, ब्रेकचं चाक, कपलिंग, सगळ्याला हात लावून झाला. तिथल्या कर्मचाऱ्याला मी सांगितलं की हे रेल्वेत होते, त्याने बाबांना पुढं इंजिनापाशी नेलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती पण पाच मिनिटं बोलत होते, एकजण व्हॉल्व्ह दाखवतोय, दुसरा मान हलवतोय. बाबांनी मला भाषांतर करू दिलं नाही.

बोटीत चढताना फळी टाकतात, रुंद आहे, कठडा आहे, बोटीतला माणूस हात देतो. बाबा आरामात चढले. हेरेनइन्झेलला खरंच बोट अर्ध्याहून जास्त रिकामी झाली.

पाणकोंबडादादा, बेटावर उतरून पहिली शंभर पावलं चालायला आम्हाला वीस मिनिटं लागली, तुम्ही म्हणाला होता तसंच. आईने गुलाब, हॉलीहॉक, वाटाण्याचे वेल, सगळं बघितलं. एका घराशेजारी एक बाई कात्रीने सुकलेली फुलं कापत होती, आई कुंपणाबाहेर उभी राहून बघत होती, त्या बाईने वर बघितलं, हसली, आणि एका फुलाचं सुकलेलं बोंड तोडून आईच्या हातावर ठेवलं. बियांसाठी. आईने ते रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलंय, आता इंदूरला ते उगवतं का बघायचं.

दहीभात आणि ठेपले उत्तरेकडच्या बाकावर बसून खाल्ले, चिंचबोरताई तुम्ही सांगितलं तसं वाऱ्याची दिशा बघून. माझ्या नवऱ्याने तो धुरी दिलेला मासा पावात घालून खाल्ला आणि लगेच दुसरा आणायला गेला. मार्झिपान घेतलं, पाकीट वाचूनच. टॉयलेटची अडचण आली नाही.

निळीशाई, तुम्ही देवळीबद्दल काही सांगितलं नाही ते बरं केलंत. आई आत गेली, भिंतीवर ती छोटी छोटी चित्रं लावलेली दिसली, कुणी अंथरुणावर आजारी, कुणी पाण्यात बुडतंय, आणि वर ढगात ती इर्मेनगार्ड. आईला एक अक्षर वाचता येत नव्हतं. दोन मिनिटं बघून माझ्या कानात म्हणाली, "हे नवस फेडलेले आहेत ना गं?" मी हो म्हटलं. मग ती एकेका चित्रापुढं थांबून काय झालं असेल ते मला सांगत गेली, हा मुलगा झाडावरून पडला असेल, ही बाळंतपणात अडली असेल. शेवटी तिने हात जोडले. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी तिने काय काय बोललं होतं ते मला तिथं पहिल्यांदा कळलं.

लिंडेनला फुलं होती. मधमाश्यांचा आवाज अगदी तुम्ही लिहिलाय तसाच. बाबा दोन्ही झाडांभोवती फिरले, पोकळ खोडात डोकावले, आणि मग खालच्या बाकावर बसले. मला एकदम मागच्या वेळचं आठवलं, पोटात गोळा आला, मी विचारलं दमलात का. म्हणाले, "नाही. तुम्हीपण बसा." आम्ही चौघं तिथं तासभर बसलो. मोबाइल कुणीच काढला नाही, आत्ता लिहिताना लक्षात येतंय की त्या झाडाचा आमच्याकडं एकही फोटो नाही.

पाचनंतर खरंच बेट रिकामं झालं. घंटा वाजली तेव्हा आम्ही पाण्यापाशी होतो. एक मुलगा दप्तर घेऊन बोटीतून उतरला आणि पळत घराकडं गेला, बाबा म्हणाले, "बघ, याची एसटी."

फिरस्ता४२
वा! बोट चुकली नाही ना?

नर्मदाकाठ
नाही दादा, उतरल्या-उतरल्या फोटो काढला होता आणि कुठल्या धक्क्यावर उभं राहायचं तेही विचारून ठेवलं होतं. वीस मिनिटं आधीच जाऊन बसलो.

केतकीचं_बन
वाचून छान वाटलं. आता मान्य करते, एकच बेट बरोबर होतं. महाल पुढच्या खेपेला. पुन्हा जायचं असेल तर डिसेंबरात ख्रिसमस मार्केटला जा, अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे ख्रिसमसआधीच्या चार आठवड्यांतल्या, पहिल्या दोन वीकेंडला असतं, शुक्रवार ते रविवार. अंधारात बोटीतून येताना आधी नुसते दिवे दिसतात आणि मग बेट. पण गर्दी असते आणि थंडी हाडात शिरते, काकांच्या गुडघ्याला ते झेपेल का बघा.

पाणकोंबडा
डिसेंबरात नको, काकांसाठी नकोच. मे-जूनमध्ये ईस्टरनंतर साठाव्या दिवशी फ्रोनलाइखनाम हा कॅथलिक सण असतो, तेव्हा मठाची मिरवणूक होड्यांतून तलावावर निघते. सजवलेल्या होड्या, बँड, पारंपरिक कपड्यातली गावची माणसं. पालख्या बघितलेल्या माणसाला ते फार आवडेल. हवा वाईट असेल तर पाण्यावर काढत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी अंदाज बघा. आणि यावेळी एक रात्र बेटावर राहून बघा, खोल्या मोजक्या आहेत, बुकिंग फार आधी करावं लागतं.

नर्मदाकाठ
दादा, फ्रोनलाइखनामपर्यंत ते थांबणार नाहीत, व्हिसा संपतो. पण राहायचं मनावर घेतलं, काल फोन करून बघितला, त्यांच्या परतीच्या आधीच्या आठवड्यात बुधवारची एक खोली मिळाली. आईने लगेच विचारलं की रात्री त्या देवळीत जाता येईल का, ते अजून विचारायचंय. बाबांना फक्त एवढंच हवंय की सकाळी शाळेच्या मुलांची पहिली बोट किती वाजता सुटते, कुणाला माहीत असेल तर सांगा.